'निवडक मासेमारी' हा शब्द लिहिण्याआधी

परवा एका मित्राला सांगितलं की पाण्याखाली भाल्यानं मासे मारण्यावर लिहितोय. तो म्हणाला, "भाऊ, अकोल्यात बसून समुद्राच्या गोष्टी कायले सांगून रायला? आपल्या मोर्णेत तं धड पाणी राह्यत नाही." बरोबर आहे त्याचं. माझं काम धरणातल्या माशांवर आहे, समुद्रावर नाही. पण माझ्या लिटरेचर रिव्ह्यूमधली सगळ्यात मोठी चूक समुद्रातूनच आली. तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेत त्यांनी ती करू नये, म्हणून हे लिहितोय.

माझा विषय जाळ्यांची निवडकता. जाळ्याच्या घराचा आकार बदलला की कोणता मासा अडकतो, कोणता सुटतो, हे मी मोजतो. प्रस्तावनेत इतर साधनांशी तुलना हवी होती, म्हणून मी झोकात वाक्य लिहिलं: 'स्कूबा डायव्हरनं भाल्यानं केलेली मासेमारी ही सर्वांत निवडक असल्यानं परिसंस्थेला तिचा धोका कमी.' आधाराला एक चांगला शोधनिबंध दिला. गाईड मॅडमनी वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि एकच प्रश्न विचारला, "या अभ्यासातले लोक श्वास कसा घेत होते?"

मला उत्तर येत नव्हतं. कारण मी फक्त सारांश वाचला होता.

तो शोधनिबंध अ‍ॅशली फ्रिश आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा. त्यांनी गळ टाकणारे आणि भाला मारणारे हौशी लोक यांची तुलना केली. गळाला नको असलेले मासे भाल्यापेक्षा कितीतरी जास्त लागले. भालावाल्यांनी छोटे मासेही कमी मारले. इथवर माझं वाक्य बरोबर वाटतं ना? आता पुढचं बघा. भाल्यानं मिळालेल्या हव्या त्या माशाचं सरासरी वजन १.९५ किलो, गळाच्या माशाचं १.२७ किलो. म्हणजे भाला निवडतो हे खरं, पण तो मोठा मासा निवडतो. लक्ष्य असलेल्या माशांच्या साठ्यावर दोन्ही पद्धतींचा परिणाम साधारण सारखाच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'धोका कमी' हे शब्द माझे होते, त्यांचे नव्हते.

दुसरी गोष्ट आणखी लाजिरवाणी. हा अभ्यास क्वीन्सलँड राज्यातला. तिथं स्कूबा लावून भाल्यानं मासा मारायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे त्यातले भालावाले एका दमात खाली जाऊन वर येणारे होते. मी त्यांचा निष्कर्ष उचलला आणि पाठीवर सिलिंडर असलेल्या माणसाला चिकटवला.

एवढ्यानं काय फरक पडतो? हिशेब करू. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात सुमारे २,४०० लिटर हवा बसते. ५० बार राखीव सोडले तर वापरायला उरते १,८०० लिटर. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथं ६० लिटर घेतो. म्हणजे सलग अर्धा तास. दम रोखून उतरणाऱ्याला मिळतात मिनिट-दोन मिनिटं, तीही जाण्यायेण्यासकट. मग वर येऊन विसावा घ्यावाच लागतो. कपारीत शिरलेला मासा त्याला बहुतेक वेळा सोडून द्यावा लागतो. सिलिंडरवाला मात्र कपारीच्या तोंडाशी थांबू शकतो. माणसाचा दम संपणं हे माशासाठी एक न लिहिलेलं संरक्षण होतं, स्कूबानं ते काढून घेतलं. फ्रान्स आणि इटलीतही भाल्यासोबत स्कूबा चालत नाही, ते उगाच नाही.

मग मोठा मासा गेला तर बिघडतं काय? माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. अंड्यांची संख्याही त्याच चालीनं वाढते, अनेक जातींत त्याहूनही वेगानं. त्यात गोबऱ्याचं उदाहरण घ्या. कोकण किनाऱ्यावर ज्याला गोबरा म्हणतात त्या कुळातल्या बहुतेक जाती आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातल्या काही नर होतात. खडकात एका जागी राहणारा, अंगानं मोठा, माणसाला फारसा न बुजणारा हा मासा भालावाल्याच्या नजरेत पहिला येतो. तो उचलला की नुसता एक मासा जात नाही, त्या खडकावरचा नर जातो. 'निवडक' शब्दाचा अर्थ इथं उलटा होतो.

आता आपल्या राज्यात या. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि प्रवाळ त्या गाभ्यात येतात. तुमच्यापैकी कोणी मालवणला स्कूबा केलं असेल तर त्याच परिसरात. आणि ज्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, १९७२ च्या, आपलं महानजवळचं काटेपूर्णा अभयारण्य राखलंय, तोच कायदा तिथं लागू आहे. त्याचं कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायचं नाही. 'शस्त्र' शब्दाच्या व्याख्येत बंदूक आहे, धनुष्यबाण आहे, चाकू, गळ आणि जाळंसुद्धा आहे. प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन त्यात येतं. म्हणजे भाला किती निवडक, हा प्रश्न हद्दीवरच संपतो. काटेपूर्ण्यात कोणी "मी फक्त म्हातारं हरीण मारीन, नेम चांगलाय माझा" असं म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

पण इथं घाई करू नका. ही व्याख्या वाचताना माझ्या लक्षात आलं की गळ आणि जाळं ही पिढ्यान्‌पिढ्या मालवणात मासे धरणाऱ्यांची हत्यारं आहेत. अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, तो या पोटापाण्याच्या भीतीतून. पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं कायद्यात अशी तरतूद आली की सागरी हद्दीत अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायचं. मालवणची घोषणा त्याआधीची. पोटासाठी जाळं टाकणारा आणि सुट्टीत भाला घेऊन उतरणारा हे दोघं एकाच शब्दात बसतात, पण एकाच तागडीत बसत नाहीत. ज्या पाण्यात त्या गावच्या माणसानं हात आखडता घ्यायचा, तिथं पाहुण्यानं 'माझी पद्धत शास्त्रीय आहे' म्हणणं हा माजच झाला.

आणि उलट बाजूचीही चूक करू नका. 'भाला वाईट' एवढंच लिहून ट्रॉलरकडे डोळेझाक केली तर तोही अर्धवट रिव्ह्यूच. तळ खरवडत जाणारं जाळं एका फेरीत जे ओढतं, ते भाल्याला जमणारं नाही. प्रत्येक साधनाला त्याचा स्वतःचा प्रश्न विचारा. जाळ्याला विचारा, नको असलेलं किती आलं? भाल्याला विचारा, कोण गेलं? आणि संरक्षित पाण्यात विचारा, इथं निवडायचा अधिकार तुला दिला कोणी?

मी काय केलं? ते वाक्य खोडलं. शोधनिबंधाची पद्धत आणि नमुना हे भाग दोनदा वाचले. आता तिथं असं आहे: 'दम रोखून केलेल्या भाल्याच्या मासेमारीत नको असलेले मासे कमी मरतात, पण मोठे मासे जास्त जातात. हा निष्कर्ष स्कूबाला लावता येत नाही.' वाक्य पहिल्यासारखं झोकदार राहिलं नाही. मॅडमनी मात्र या वेळी रेघ मारली नाही.

तुमच्या फाइलमध्येही असं एखादं झोकदार वाक्य असेल. आज रात्री ते काढा, त्याच्या आधाराचा मूळ निबंध उघडा आणि सारांश सोडून पद्धतीच्या पानावर जा.