कार्यप्रणालीचे सातत्य आणि मराठी लेखन : मुकुंदवाडीतील घरगुती संगणकाच्या निमित्ताने

समीक्षेचा विषय ग्रंथच असावा असा दंडक नाही. जी मानवनिर्मित वस्तू काही अभिवचन देते, दीर्घकाळ माणसाच्या सहवासात राहते आणि त्याच्या लेखनव्यवहाराला वळण लावते, ती मूल्यमापनास पात्र ठरते. घरगुती संगणकाची कार्यप्रणाली, जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम असेच म्हटले जाते, ही अशी वस्तू होय. तिचे मुख्य अभिवचन सातत्याचे आहे. यंत्राचे भाग झिजतील, जळतील, अपुरे पडतील आणि बदलले जातील. परंतु त्यांवर उभा असलेला व्यवहार अखंड राहील, असे ती सुचवीत असते. हे अभिवचन मराठी लेखनाच्या बाबतीत कितपत पाळले गेले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

मुकुंदवाडी हे नाव आज छत्रपती संभाजीनगरच्या एका गजबजलेल्या भागाचे आहे. जालना रस्ता, सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याचे औद्योगिक क्षेत्र यांच्या सान्निध्यामुळे मूळ गावाचे रूप पालटले; घरे बदलली, नाव राहिले. अशा वस्तीतील घरगुती संगणक पुष्कळदा असेंबल केलेला असतो. त्याचे आयुष्य तुकड्यातुकड्यांनी वाढविले जाते. एके वर्षी एसएमपीएस बदलतो, पुढे रॅमची पट्टी वाढते, मग हार्ड डिस्क, शेवटी मदरबोर्ड आणि प्रोसेसर. कॅबिनेट तेवढे जुने राहते आणि घरातील माणसे त्याला ‘तोच संगणक’ म्हणत राहतात. जुन्या वाड्याच्या तुळया एकेक करून बदलल्या तरी वाडा तोच राहतो, असा हा भाव आहे. तो सार्थ की भ्रामक, हे कार्यप्रणालीच्या वर्तनावरून ठरते.

या व्यवहाराची भाषाही लक्षणीय आहे. कार्यप्रणाली ‘बसविली’ जाते असे क्वचितच कोणी म्हणतो. विंडोज ‘टाकतात’ आणि त्याआधी फॉरमॅट ‘मारतात’. टाकणे आणि मारणे या दोन क्रियापदांत दुरुस्तीची सारी संकल्पना सामावलेली आहे: जुने पुसल्यावाचून नवे येत नाही, ही त्यामागील गृहीत कल्पना होय. म्हणूनच दुरुस्तीस बसलेला तंत्रज्ञ प्रथम विचारतो, ‘डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे ना?’ हार्ड डिस्कचे भाग पाडून सी हा भाग प्रणालीसाठी आणि डी हा भाग घराच्या कागदपत्रांसाठी राखण्याची रीत सर्वत्र रुजली. अनुभवातून शिकलेल्या समाजाने प्रणालीच्या अभिवचनावर केलेली ही मूक टीकाच म्हणावी लागेल. प्रणाली नश्वर आहे हे गृहीत धरून लोकांनी आपली तिजोरी निराळी केली.

परंतु मराठी लेखनाच्या बाबतीत ही तिजोरीही पुरी पडली नाही. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डॉसच्या काळात देवनागरी अक्षर संगणकाच्या पडद्यावर आणण्याचा एक मार्ग होता जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूर येथे आरंभलेले हे तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. यंत्राच्या खाचेत एक स्वतंत्र कार्ड बसविले की लिपी अवतरत असे. म्हणजे लिपीच यंत्रभाग होती. तंत्रदृष्ट्या हे कौशल्याचे काम होते आणि त्यामागील संकेतप्रणालीची दृष्टी व्यापक होती. १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या इस्की संकेताने भारतीय लिप्यांना एका समान आराखड्यात आणले. तथापि ज्या खाचेत ते कार्ड बसे ती खाचच पुढे मदरबोर्डवरून नाहीशी झाली. यंत्र सुधारले आणि लिपी गेली, असा हा पहिला प्रसंग होय.

विंडोज ९५ आणि ९८ यांच्या काळात निराळी वाट निघाली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट प्रचारात आले. काना, वेलांटी, अर्धा व्यंजनखंड, रफार, प्रत्येकाला रोमन वर्णमालेतील एखादे घर उसने दिलेले. संगणकाच्या लेखी ते लेखन रोमन चिन्हांची रांग होती. ते मराठी दिसे एवढेच. शिवाय कोणते चिन्ह कोणत्या घरात, याविषयी निरनिराळ्या निर्मात्यांत एकवाक्यता नव्हती. या फाँटांनी मराठी मुद्रणव्यवसाय तारला, डीटीपीच्या छोट्या दुकानांना काम दिले, लग्नपत्रिकांपासून पीएच.डी.च्या प्रबंधांपर्यंत सर्व मजकूर त्यांतून उमटला. हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु त्यांच्यामुळे लेखनाचा जीव दोन ठिकाणी विभागला गेला. मजकुराची फाइल डी ड्राइव्हमध्ये, आणि ती वाचनीय करणारा फाँट विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. फॉरमॅट मारल्यावर फाइल सुरक्षित राही आणि तिची वाचनीयता नष्ट होई. पुढील वेळी ती उघडली की मराठी परिच्छेदांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक गलबला दिसे.

या ठिकाणी मुकुंदवाडीच्या रेल्वेचा दाखला उपयुक्त ठरतो. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग झाला. १९९० च्या दशकात या भागातील रूळ ब्रॉडगेज झाले. जुना डबा नव्या रुळांवर चालणार नाही हे प्रत्येकास डोळ्यांनी दिसत होते. त्या बदलात फसगत नव्हती. संगणकावरील स्थित्यंतराचा दोष असा की तेथे जुना डबा नव्या रुळांवर चढल्यासारखा दिसतो. फाइल उघडते, पाने मोजता येतात, परिच्छेद जागच्या जागी असतात. हरवलेला असतो तो केवळ अर्थ.

आता प्रमुख प्रणालींचे गुणदोष पाहू जाता विंडोजच्या पदरात एक मोठे श्रेय टाकले पाहिजे. जुने कार्यक्रम नव्या आवृत्तीवर चालावेत याची काळजी तिच्या निर्मात्यांनी दीर्घकाळ वाहिली. ३२ बिटांचे अनेक जुने कार्यक्रम आजही चालतात. परंतु या काळजीला सीमा होती, आणि ती सीमा यंत्रसुधारणेच्या वेळीच उघड होई. एक कार्यकारणसाखळी उदाहरणादाखल घेता येईल. घरातील ३२ बिटांची विंडोज चार जीबीहून अधिक रॅम वापरू शकत नाही. म्हणून रॅमची दुसरी पट्टी घेतली की ६४ बिटांची आवृत्ती घ्यावी लागते. ३२ वरून ६४ वर सरळ चढता येत नाही. नवी प्रणाली मुळापासून टाकावी लागते. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे जुने कार्यक्रम मुळीच चालत नाहीत, आणि जुन्या प्रिंटरचा ६४ बिटांचा ड्रायव्हर नसल्यास प्रिंटरही निकामी होतो. ज्या मराठी सॉफ्टवेअरची सुरक्षाकिल्ली प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात बसवावी लागे, ते तर नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नसल्याने आधीच मुके झालेले असते. स्मृती वाढविण्यासाठी घेतलेली पट्टी अशा रीतीने जुन्या लेखनाच्या विस्मृतीचे निमित्त होते.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने या संबंधात आणखी एक अट घातली. प्रणाली यंत्रभागांची नोंद ठेवू लागली, आणि भाग पुरेसे बदलले की पुन्हा सक्रिय करून घेण्याची मागणी करू लागली. यंत्रासोबत विकत मिळालेल्या परवान्याचा जीव मदरबोर्डशी बांधलेला असे. घराच्या दृष्टीने कॅबिनेट म्हणजे संगणक. परवान्याच्या दृष्टीने मदरबोर्ड म्हणजे संगणक. ‘तोच संगणक’ या शब्दांचे हे दोन अर्थ कधीच एकत्र आले नाहीत.

याच कुळात मराठीला खरा आधारही मिळाला, ही गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने इस्कीच्या आधारे देवनागरीला स्वतःची १२८ घरे दिली. विंडोज २००० पासून प्रणालीत देवनागरीची सोय आली. मात्र एक्सपीमध्ये ती मुळात निद्रिस्त असे आणि सीडी घालून जागी करावी लागे. विस्टापासून ती विनासायास उपलब्ध झाली. सोबत आलेल्या मंगल फाँटमधील ल आणि श यांचे वळण मराठी वाचकाच्या सवयीचे नव्हते, तरी त्यातील मजकूर मराठी म्हणून ओळखला जात होता, शोधता येत होता, अकारविल्हे लावता येत होता. मराठीतील ॲ या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण केले. म्हणजे नव्या प्रणालीवर लिहिलेला ‘ॲ’ जुन्या एक्सपीवर रिकामी चौकट होऊन दिसावा, हेही सातत्याच्या प्रश्नाचेच दुसरे अंग होय: केवळ जुने लेखन नव्या यंत्रावर नव्हे, तर नवे लेखन जुन्या यंत्रावरही अडखळते.

लिनक्सची गोष्ट काहीशी भिन्न आहे. तिच्या गाभ्यातच बहुसंख्य यंत्रभागांचे ड्रायव्हर असल्याने एका संगणकातील हार्ड डिस्क दुसऱ्यात लावली तरी प्रणाली बहुधा उभी राहते. तशा प्रसंगी एक्सपी निळा पडदा दाखवून थांबत असे. रेड हॅटचा लोहित फाँट २००४ पासून मुक्त परवान्याने मिळाला. सी-डॅकची बॉस ही प्रणाली २००७ साली आली. जुन्या यंत्राला दीर्घायुष्य देण्याचा लौकिक तिने कमावला आहे, परंतु तो अमर्याद मानू नये. १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स जन्मली, त्याचाच आधार तिने २०१३ साली सोडला; डेबियनने १३ व्या आवृत्तीत, २०२५ साली, ३२ बिटांच्या घरगुती यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. शिवाय ज्या घराचा व्यवसायच पेजमेकर आणि जुने मराठी फाँट यांवर उभा होता, त्या घराला लिनक्सकडे वळणे म्हणजे उपजीविका सोडणे होते. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ सालची. तिच्या फाइलींसाठी जुनी विंडोज जपून ठेवणाऱ्यांना हेकट म्हणणे अन्यायाचे होईल.

आजवर यंत्र बदलत असे आणि प्रणालीने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने हा क्रम उलटा केला. टीपीएम २.० ही सुरक्षासोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा वा पुढचा प्रोसेसर तिने आवश्यक ठरविला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नोंदणी करणाऱ्यांना वाढीव मुदतीची सोय दिली गेली, इतकेच. यामागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते पोकळ नाही. ज्या संगणकावरून घराचे बँकव्यवहार होतात तो असुरक्षित ठेवावा, असे कोणीही सुचविणार नाही. तथापि उत्तम चालणारे यंत्र प्रणालीच्या आज्ञेने टाकाऊ ठरावे, ही गोष्ट काटकसरीने एकेक भाग जोडून संगणक उभा करणाऱ्या घराला सहज पटणारी नाही, आणि ते न पटणे अडाणीपणाचे लक्षणही नव्हे.

या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. यंत्रसुधारणांच्या परंपरेत ज्या दोन गोष्टी टिकल्या, त्या कोणत्याही एका प्रणालीच्या मालकीच्या नव्हत्या. एक युनिकोड हा सर्वमान्य संकेत. दुसरी इनस्क्रिप्ट ही कळमांडणी, जी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली आणि आज विंडोज व लिनक्स दोहोंत तशीच आढळते. पहिल्याने मजकूर टिकविला, दुसरीने बोटांची सवय टिकविली. याउलट जे जे एका कार्डात, एका किल्लीत वा एका निर्मात्याच्या फाँटात अडकले, ते त्या वस्तूबरोबर गेले. म्हणून कार्यप्रणालीचे मूल्य तिच्या वेगावरून वा देखणेपणावरून ठरविण्यापेक्षा ती टाकून देताना लेखकाच्या हाती काय उरते, यावरून ठरविणे अधिक योग्य होय.

विद्यापीठीय संशोधनाला हा प्रश्न परका नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही मराठवाड्यातील प्रबंध, ग्रामीण बोलींचे नमुने, लोकगीतांची संकलने जुन्या फाँटांत टंकित झाली. त्यांच्या छापील प्रती ग्रंथालयात असतील. मूळ फाइली मात्र मुकुंदवाडीसारख्या वस्त्यांतील डी ड्राइव्हमध्ये, सीडींवर आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कांत पडून असण्याचा संभव मोठा आहे. फाँट हाती असेपर्यंत त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर शक्य आहे. मात्र यांत्रिक रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’सारखी चिन्हे सदोष होतात, म्हणून ते भाषा जाणणाऱ्याने तपासावे लागते. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याची जी शिस्त मराठीच्या अभ्यासकांनी अंगी बाणविली, तीच येथे लागू पडते. पोथीचे पान जीर्ण झाले तरी उरलेले अक्षर वाचता येते. फाँट हरपलेल्या फाइलीत एकही अक्षर गळालेले नसते आणि तरी काहीच वाचता येत नाही. तेव्हा पुढचा फॉरमॅट मारला जाण्यापूर्वी सी ड्राइव्हमधील फाँटांचे फोल्डर डी ड्राइव्हमध्ये उतरवून घेणे, हे या क्षेत्रातील पाठसंशोधनाचे पहिले पाऊल ठरेल.