'अण्णा कुठंय?' : हेरपटाचा नायक बदलतो तेव्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आणि जेम्स बॉन्ड?" म्हटलं, अरे बाबांनो, मी आयुष्यभर वर्गात 'ओळख म्हणजे काय' हाच एक प्रश्न शिकवत आलो. एखादी वस्तू बदलली तरी ती 'तीच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? सिनेमात हा प्रश्न सगळ्यात ठसठशीतपणे कुठं उभा राहतो, तर हेराचा नट बदलतो तिथं. म्हणून आज तिकडे वळलोय.

पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला तरुण मंडळाचं नाटक असायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो. नायकाचं काम दरवर्षी एकच गृहस्थ करायचे, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. एका वर्षी ऐन जत्रेत अण्णा तापानं आडवे झाले. माझं पाठांतर बरं, म्हणून मला उभं केलं. पडदा उघडला, मी पहिलं वाक्य टाकलं आणि पुढच्या सतरंजीवरून आवाज आला, "अण्णा कुठंय?" झालं! पुढचे तीन अंक मी त्या एकाच प्रश्नाला उत्तर देत होतो. आणि उत्तर काय दिलं, तर अण्णांसारखा आवाज काढायचा, अण्णांसारखा हात उडवायचा. जितकी नक्कल जास्त, तितकं हसू जास्त. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्या मातीतला हेर घेऊ. दिग्पाल लांजेकरांची शिवकालावरची चित्रपटमालिका तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. 2018 चा 'फर्जंद' कोंडाजींच्या पन्हाळ्यावरचा, 2019 चा 'फत्तेशिकस्त' लाल महालातल्या छाप्यावरचा. दोन्ही मोहिमा हेरगिरीवर उभ्या आहेत, म्हणून मी त्यांना निम्मे हेरपटच म्हणतो. 'फर्जंद'मध्ये बहिर्जी नाईक झाले प्रसाद ओक आणि 'फत्तेशिकस्त'मध्ये हरीश दुधाडे. एका वर्षात स्वराज्याचा हेरप्रमुख बदलला! मी पाहिलं त्या खेळाला कुणी 'अण्णा कुठंय' म्हटलं नाही. मलाही घरी आल्यावर लक्षात आलं.

असं का झालं? एक कारण सोपं आहे. बहिर्जी आपल्याला परंपरेनं दिलाय तोच बहुरूपी म्हणून. आज वासुदेव, उद्या फकीर. ज्याचा चेहरा कुणालाच ठाऊक नसावा, हेच ज्याचं कौशल्य, त्याचा नट बदलला तर बिघडतं काय? उलट भूमिकेला ते शोभूनच दिसतं. दुसरं कारण मात्र जास्त महत्त्वाचं. त्या मालिकेचा भार बहिर्जींवर नाही, महाराजांवर आहे. आणि महाराज 'फर्जंद'पासून 2023 च्या 'सुभेदार'पर्यंत पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकरच होते. मधला खांब हलला नाही, म्हणून बाजूचा वासा बदलल्याचं कळलं नाही. 2024 मध्ये मांडलेकरांनी ही भूमिका यापुढे करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा केवढी चर्चा झाली आठवतंय ना? चेहऱ्याची ही पकड नगरकरांना नवी नाही. आपल्या नगरात जन्मलेले शाहू मोडक, ख्रिस्ती घरातले, पडद्यावर इतक्या वेळा कृष्ण झाले आणि 1940 मध्ये ज्ञानेश्वर झाले, की कित्येक घरांत देव त्या चेहऱ्याचा झाला.

तर मग खांबच हेर असेल आणि तोच बदलावा लागला तर? मराठी हेरपटात अजून ती वेळ आलेली नाही. म्हणून आपल्याला 1969 मध्ये, 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'पाशी जावं लागतं.

शॉन कॉनरी पाच चित्रपट करून बाहेर पडले होते. त्यांच्या जागी आले जॉर्ज लेझनबी. ऑस्ट्रेलियन, जाहिरातींतला मॉडेल, नायक म्हणून हा पहिलाच चित्रपट. दिग्दर्शक पीटर हंट हेही दिग्दर्शनात नवे, आधीच्या बॉन्डपटांचे संकलक. चित्रपटानं पैसे मिळवले, पण आधीच्यापेक्षा कमी. लेझनबी पुन्हा बॉन्ड झाले नाहीत. आणि मग कितीतरी वर्षं या चित्रपटाबद्दल एकच वाक्य बोललं गेलं : 'तो दुसऱ्याच माणसाचा बॉन्ड'. मीही वर्गात हेच बोललोय. चित्रपट धड न आठवता बोललोय, आता कबूल करायला हरकत नाही.

निर्मात्यांनी ओळख पटवायला काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीच्या मारामारीनंतर नायिका निघून जाते आणि हा नवा बॉन्ड म्हणतो, त्या दुसऱ्या गड्याच्या वाट्याला असं कधी आलं नव्हतं. सतरंजीवरून प्रश्न येण्याआधीच उत्तर! मग श्रेयनामावलीत जुन्या चित्रपटांतली दृश्यं. पुढं बॉन्ड राजीनामा देऊन टेबलाचा खण रिकामा करतो, तर त्यातून निघतात जुन्या मोहिमांतल्या वस्तू : तो सुरा, ते घड्याळ, पाण्याखाली श्वास घ्यायचं ते नळकांडं. एकेक हातात घेतो आणि त्या त्या चित्रपटाची धून वाजते. मला इथं कालिदास आठवतो. शकुंतलेचा चेहरा समोर असूनही दुष्यंताला ओळख पटत नाही, ती पटते अंगठीनं. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. इथं तर खणभर अंगठ्या आहेत. माझ्या मते हाच चित्रपटाचा कच्चा भाग. इतक्या खुणा दाखवाव्या लागतात, कारण निर्मात्यांचाच विश्वास नव्हता. मी अण्णांसारखा हात उडवत होतो ना, तसंच.

आपल्या वेदान्तात ओळखीचं एक लाडकं उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः'. तो हा देवदत्त. वीस वर्षांपूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर दिसला. केस पिकलेत, पोट सुटलंय. तरी आपण म्हणतो, अरे, तो हा! म्हणजे आपण 'तेव्हाचा, तिथला' हा भाग सोडतो, 'आत्ताचा, इथला' हाही सोडतो, आणि जो उरतो त्याला देवदत्त म्हणतो. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. सिनेमाची अडचण अशी, की इथं सोडायचा भाग म्हणजे चेहराच. आणि पडद्यावर आपण ओळखतो ते चेहऱ्यानंच. चेहरा सोडला तर शिल्लक काय? नाव, आकडा, ती धून, साहेबाचं ऑफिस, त्या ऑफिसातली मनीपेनी. म्हणून तर बर्नार्ड ली, लोइस मॅक्सवेल, डेस्मंड ल्युएलिन ही मंडळी जागच्या जागी ठेवली होती. घर तेच, धनी नवा.

आणि गंमत बघा. 1967 च्या आधीच्या चित्रपटात बॉन्ड आणि खलनायक ब्लोफेल्ड समोरासमोर भेटलेले आहेत. इथं बॉन्ड चष्मा लावून, वंशावळीचा अभ्यासक सर हिलरी ब्रे म्हणून त्याच्याकडे जातो आणि ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही! कारण कादंबऱ्यांचा क्रम उलटा होता, चित्रपट भलत्या क्रमानं निघाले. ब्लोफेल्डचा नटही बदललेला, डोनाल्ड प्लेझन्सच्या जागी टेली सॅव्हालास. म्हणजे दोन नवे चेहरे एकमेकांकडे बघतायत आणि कुणालाच जुनी ओळख नाही. शिवाय या वेशांतरातल्या प्रसंगांत लेझनबींचा आवाजही त्यांचा नाही, जॉर्ज बेकर या नटाचा आहे, जो चित्रपटात खरा सर हिलरी झालाय. कथेत ते खपतं, बॉन्ड नक्कल करतोय म्हणून. पण नव्या नटावर हा अन्यायच झाला. चेहरा लोकांना परका, आणि ऐन मध्यावर आवाजही काढून घेतला.

आता मुख्य मुद्दा. नव्या चेहऱ्यानं चित्रपटाला दिलं काय? दोन वर्षांपूर्वी नातवाबरोबर हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यानं आधी पाहिलेले बॉन्ड डॅनियल क्रेगचे. कॉनरी त्याच्या लेखी आजोबांच्या गप्पांतलं नाव. त्याच्या तोंडून 'अण्णा कुठंय' येणं शक्यच नव्हतं. बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीनंतर तो म्हणाला, "आजोबा, हा घाबरतो, म्हणून बरा वाटतो." मी चमकलो. खरंच की! बर्फाच्या मैदानाकाठी दमलेला, पाठलागानं घेरलेला बॉन्ड बाकावर मान खाली घालून बसतो आणि डायना रिग स्केटिंग करत समोर येऊन उभी राहते. तिच्या येण्यानं सुटका झालेला माणूस आपल्याला दिसतो. कॉनरींची सुटका कुणी बाई करतेय, हे 1969 च्या प्रेक्षकानं मानलं नसतं. त्यांच्या चेहऱ्यावर पाच चित्रपटांचा बेफिकीरपणा साचलेला होता. लेझनबींच्या चेहऱ्यावर काहीच साचलेलं नव्हतं. त्यांची संवादफेक सपाट आहे, हे मी आजही म्हणेन. पण हा बॉन्ड लग्न करतो आणि तासाभरात विधुर होतो, ते पटायला कोराच चेहरा लागत होता. शेवटी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तो पोलिसाला सांगतो, ती जरा विसावा घेतेय. मी सहा वर्षांपूर्वी एकटा झालो. त्या प्रसंगाला मी नटाच्या संवादफेकीला मार्क द्यायला विसरलो, एवढंच सांगतो.

मग वारसा बिघडला कुठं? नट बदलल्यानं नव्हे, बदल मागं घेतल्यानं. लेझनबींनी चित्रपट लागण्याआधीच भूमिका सोडत असल्याचं सांगून टाकलं, सल्लागाराचं ऐकून. समारंभाला केस आणि दाढी वाढवून गेले. तो त्यांचा दोष. पण निर्मात्यांनी काय केलं? साडेबारा लाख डॉलर मोजून 1971 च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'साठी कॉनरींना परत आणलं. त्याच्या सुरुवातीला बॉन्ड ब्लोफेल्डला चवताळून शोधतोय, पण बायकोचं नावही निघत नाही. म्हणजे अण्णा बरे होऊन परत आले आणि मधल्या वर्षीचं नाटक झालंच नाही असं ठरलं.

याच सुमारास आपल्याकडे उलट घडलं. 1970 च्या डिसेंबरात 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पा बेलवलकर. पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, एकेकानं ते शिवधनुष्य उचललं. मी पहिल्यांदा पाहिले ते दत्ता भटांचे बेलवलकर. त्यामुळं माझ्यासाठी मूळ तेच. डॉ. लागूंचे नंतर पाहिले तेव्हा, सांगायला संकोच वाटतो, मनात आलं, 'हे जरा जास्तच आखीव करतायत!' कोणता बेलवलकर श्रेष्ठ यावर आमच्या पिढीनं चहाच्या किटल्या संपवल्या. पण त्या वादानंच भूमिका नटाहून मोठी झाली. 2016 मध्ये नाना पाटेकर तीच भूमिका घेऊन पडद्यावर आले तेव्हा लोकांनी तुलना केली, 'हे कोण' म्हटलं नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'. 8 ऑक्टोबर 1962, दिल्लीत पहिला प्रयोग, दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर. हा हेर नव्हे, भामटा. पण कसब हेराचंच. निपाणीचा तंबाखूवाला, कॅप्टन, महाराज, एकाच माणसाची पाच सोंगं. कोर्टात एकेक साक्षीदार बोट दाखवतो, 'तो हा!' आणि आरोपी म्हणतो, तो मी नव्हेच. वेदान्ताचं वाक्य अत्र्यांनी उलटं टांगलंय. इथं नट बदलणं अवघड, कारण पाचही चेहऱ्यांमागं एकच पणशीकर ओळखणं हीच प्रेक्षकाची मजा. पुढं गिरीश ओकांनी लखोबा केला, चांगला केला. तरी 'लखोबा' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पंतच येतात. नाटक अजरामर झालं, भूमिका मात्र नटाबरोबर बांधली गेली.

बॉन्डची भूमिका बेलवलकरांच्या वाटेनं गेली, पण आठवण यायला बरीच वर्षं लागली. 1973 पासून रॉजर मूर बॉन्ड होते. कॉनरींचाही नाही, लेझनबींचाही नाही असा तिसराच बॉन्ड : मिश्कील, नीटनेटका. त्यांनी नक्कल केली नाही, म्हणून तगले. 1981 च्या 'फॉर युवर आइज ओन्ली'ची सुरुवात पाहा. मूर हातात फुलं घेऊन स्मशानात येतात. दगडावर 1969 साल आणि टेरेसा बॉन्डचं नाव. लग्न लावलं दुसऱ्या नटानं, फुलं वाहिली तिसऱ्यानं. त्या एका मिनिटात लेझनबींचं लग्न खरं झालं, त्यांचा बॉन्डही खरा झाला. 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तर लुई आर्मस्ट्राँगच्या त्या 1969 च्या गाण्याचीच धून घेतलीय, आणि नातवानं ती माझ्याआधी ओळखली.

बरं, वेळ झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत त्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.