निबंध कोणाला लिहायचा?



एक परीक्षा डोळ्यांसमोर आणा. विषयाचे नाव 'प्रोफेशनल रायटिंग स्किल्स इन इंग्लिश', म्हणजे व्यावसायिक कामासाठी लागणारे इंग्रजी लेखन. वेळ एक तास. प्रश्न 50, प्रत्येकी एक गुण, आणि प्रत्येक प्रश्नाखाली काही पर्याय. योग्य पर्याय निवडायचा, पुढच्या प्रश्नाकडे जायचे. तास संपतो, उत्तरपत्रिका गोळा होतात. लेखन-कौशल्याची परीक्षा पार पडलेली असते आणि वर्गातल्या कोणीही एक वाक्यसुद्धा लिहिलेले नसते.

ही परीक्षा मी कल्पनेने रचलेली नाही. बेळगावला मुख्यालय असलेल्या, 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासक्रमात ती आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा हा विषय एका क्रेडिटचा, एकूण 15 तासांचा. त्यात परिच्छेदाची रचना आहे, प्रस्तावना आणि समारोप आहे, निबंध लिहिण्याचे तंत्र आहे, तांत्रिक अहवाल, प्रस्ताव आणि नोकरीचा अर्जही आहे. यादी चांगलीच आहे. पण सत्राच्या शेवटी 50 गुणांची जी परीक्षा होते, ती बहुपर्यायी.

या टिपणात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. निबंध-लेखन शिकवताना आपण नेमके काय गमावतो? आणि अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता तुम्ही स्वतः त्यातले काय परत मिळवू शकता?

1. पर्याय निवडणे आणि वाक्य लिहिणे

आधी दुसरी बाजू. एवढ्या मोठ्या विद्यापीठात प्रत्येक सत्रात निबंध तपासायचे तर तपासनीस कोठून आणायचे? एकाच निबंधाला एक तपासनीस सहा देतो, दुसरा नऊ. बहुपर्यायी परीक्षेत हा घोळ नाही. निकाल लवकर लागतो आणि कोणावर अन्याय झाल्याची तक्रार उरत नाही. ही कारणे खोटी नाहीत. मी स्वतः गठ्ठे तपासले आहेत, म्हणून सांगते.

पण अशा परीक्षेत मोजले काय जाते? 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'वन ऑफ माय फ्रेंड्स', हे ओळखणे. ही ओळख हवीच. मात्र दुसऱ्याच्या वाक्यातली चूक ओळखणे आणि आपल्याला जे म्हणायचे आहे त्याचे वाक्य करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पोहण्यावरचे 50 प्रश्न अचूक सोडवणारा मुलगा पाण्यात तरंगेलच असे नाही.

तुम्ही म्हणाल, उरलेले 50 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, तिथे लिहायला मिळते. बरोबर. निबंधाचा 'असाइनमेंट' तिथेच दिला जातो. तर मग तिथे काय होते ते पाहू.

2. एका वर्गातले निबंध

मी बेंगळुरूच्या इंदिरानगरात राहते आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी विषय दिला होता, 'मेट्रोचे फायदे', 300 शब्द. विषय मुलांच्या रोजच्या पाहण्यातला होता. बेंगळुरूच्या मेट्रोचा पहिला टप्पा, बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड, 20 ऑक्टोबर 2011 रोजी सुरू झाला आणि त्यातले एक स्थानक इंदिरानगरचे, सीएमएच रस्त्यावरचे. माझी बरीच मुले तिथूनच ये-जा करत.

निबंध आले. 'आजच्या धावपळीच्या युगात' अशा अर्थाच्या वाक्याने निम्म्याहून अधिक सुरू झाले होते. वेळ वाचतो, प्रदूषण कमी होते, इंधनाची बचत होते; तीन परिच्छेद, आणि शेवटी 'अशा प्रकारे'. व्याकरण बरे होते. कोणी कोणाचे पाहून लिहिले हे शोधण्यात अर्थ नव्हता, कारण सगळ्यांनी जणू एकाच न दिसणाऱ्या वहीतून उतरवले होते.

एक निबंध वेगळा होता. त्या मुलीच्या वडिलांचे सीएमएच रस्त्यावर शिवणकामाचे दुकान होते. मेट्रोचे काम सुरू झाले तेव्हा दुकानासमोर पत्रे उभे राहिले. गिऱ्हाइकांना दुकान दिसेना. ती तेव्हा शाळेत होती. वडील दुपारी पत्र्याच्या फटीतून रस्त्याकडे बघत बसायचे, असे तिने लिहिले होते. पुढे दुकान आतल्या गल्लीत गेले. मेट्रो सुरू झाल्यावर मूळ जागेचे भाडे इतके वाढले की परत जाता आले नाही. तिचा समारोप साधारण असा होता : मेट्रो चांगली आहे, मीही तिनेच येते, पण फायदा नंतर आलेल्यांना झाला आणि खर्च आधीपासून असलेल्यांनी केला.

तिच्या इंग्रजीत चुका होत्या. काळ गोंधळलेले, 'माय फादर शॉप' असले प्रयोग, स्वल्पविरामाचा पत्ता नाही. मी लाल पेनने एकेक चूक अधोरेखित केली आणि दहापैकी चार गुण दिले. 'आजच्या धावपळीच्या युगात' वाल्या एका नीटनेटक्या निबंधाला आठ दिले. पुढच्या असाइनमेंटमध्ये त्या मुलीने बिनचूक, गुळगुळीत, इतर सगळ्यांसारखा निबंध दिला. तिला सात मिळाले. मी शिकवलेला धडा ती पुरता शिकली होती.

चूक माझी होती, आणि ती गुण देण्यापाशी सुरू झाली नव्हती, विषय देण्यापाशी झाली होती. 'मेट्रोचे फायदे' यात प्रश्नच नाही. मेट्रोला फायदे नसतात असे कोण म्हणते? ज्याला कोणी विरोध करत नाही ते सिद्ध करायला सांगितले की मुले शब्द भरतात. आणि वाद तर आमच्या दाराशीच होता. मार्ग ठरत असताना सीएमएच रस्त्यावरच्या दुकानदारांनी विरोध केला होता, मेट्रो ओल्ड मद्रास रोडने न्या अशी त्यांची मागणी होती. 'मेट्रो सीएमएच रस्त्यावरून नेली हे योग्य झाले का?' असे मी विचारले असते, तर प्रत्येकाला कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते. त्या एका मुलीने मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते.

आता तर 'मेट्रोचे फायदे' संगणक काही सेकंदांत लिहून देतो. याबद्दल तुम्हाला दोष देण्याआधी आम्ही शिक्षकांनी स्वतःला विचारावे : जो निबंध कोणीही न लिहिता लिहून होतो, तो आपण मागत का होतो?

3. मराठी निबंध कोठून आला?

निबंध हा मुळात गुणांसाठी करायचा प्रकार नाही. आपल्या भाषेत तो कसा रुजला ते पाहिले की हे कळते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात इंग्रजी शिक्षण घेऊन पदवीधर झाले आणि सरकारी शाळेत शिक्षक झाले. जॉन्सन, मेकॉले यांसारखे इंग्रजी निबंधकार त्यांनी मन लावून वाचले होते. जानेवारी 1874 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे 84 अंक निघाले आणि त्यातले लेखन जवळपास सगळे त्यांचे एकट्याचे. पहिलाच विषय होता मराठी भाषेची त्या काळची स्थिती. एक गोष्ट लक्षात घ्या : शिकले इंग्रजीतून, लिहिले मराठीत. म्हणजे कॉलेजच्या इंग्रजीने त्यांना जे दिले ते केवळ इंग्रजी नव्हते. आपले म्हणणे मांडायचे, त्याला आधार द्यायचा, समोरच्याचे म्हणणे घेऊन त्याला उत्तर द्यायचे, ही रीत त्यांनी उचलली. आणि समोर कोणीतरी नेहमी असे : मिशनरी, लोकहितवादी, जोतीराव फुले.

पण इथेच त्यांच्या लेखनाचा दोषही आहे. फुल्यांवर लिहिताना चिपळूणकरांनी त्यांच्या मराठीची, व्याकरणाची टर उडवली. जातिव्यवस्थेविषयी फुले जे विचारत होते, ते त्या थट्टेत बाजूला पडले. हे वाचताना मला माझा लाल पेन आठवतो. भाषेतल्या चुका दाखवल्या की मुद्द्याला उत्तर दिल्यासारखे वाटते. ते उत्तर नसते.

चिपळूणकर मार्च 1882 मध्ये वारले. त्याच वर्षी पुण्यात एक छोटे पुस्तक छापले गेले : 'स्त्री-पुरुष तुलना'. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांनी कॉलेज पाहिले नव्हते. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर लिहिले जाऊ लागले, आणि ताराबाईंनी त्याला उत्तर दिले.

या पुस्तकाची रचना पाहा. स्त्रियांवर जे दोष लादले जातात ते एकेक करून घ्यायचे आणि प्रत्येकाविषयी विचारायचे, हा पुरुषांत नाही का? प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप असा साचा त्यांना कोणी दिला नव्हता. रचना प्रश्नातूनच आली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि 1994 मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. ग्रंथालयात मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

4. 'आम्हाला निबंधाचा काय उपयोग?'

अभियांत्रिकीची मुले हे हमखास विचारतात. त्यांना मी एका पत्राविषयी सांगते. अमेरिकेतील मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बॉइसजोली यांनी 31 जुलै 1985 रोजी आपल्या वरिष्ठांना अंतर्गत पत्र लिहिले. अवकाशयानाच्या रॉकेटमधील सांध्यांच्या रबरी कड्यांचा प्रश्न तातडीने सोडवला नाही तर माणसे दगावतील, असा इशारा त्यात स्पष्ट होता. 28 जानेवारी 1986 रोजी 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर 73 सेकंदांनी नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले.

चांगले लिहिले म्हणून अपघात टळला नाही, हे खरे आहे. लेखनाच्या हातात तेवढेच असते. पण निर्णय घेणाऱ्या माणसाला उद्देशून, स्पष्ट विधान करून, परिणाम सांगून कोणीतरी लिहिले होते, म्हणून पुढच्या चौकशीत 'आम्हाला माहीतच नव्हते' एवढ्यावर भागले नाही. असे पत्र लिहिण्याची तयारी चार पर्यायांतून एक निवडून होत नाही.

5. तुम्ही काय करू शकता?

विषय तुमच्या हातात नसतो, पण त्याचा प्रश्न करणे तुमच्या हातात असते. लिहायला बसण्याआधी वहीत तीन ओळी लिहा.

पहिली ओळ : या विषयावर माझ्याशी कोण सहमत होणार नाही? त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत लिहा.

दुसरी ओळ : माझे म्हणणे काय? एकाच वाक्यात. ते मराठीत सुचत असेल तर मराठीत लिहा, कन्नड किंवा उर्दूत सुचत असेल तर त्या भाषेत. इंग्रजी नंतर करता येते. म्हणणेच नसेल तर इंग्रजी कशाचे करणार?

तिसरी ओळ : मी स्वतः पाहिलेली, मोजलेली किंवा विचारून घेतलेली कोणती गोष्ट त्याला आधार देते?

मग पहिला खर्डा व्याकरणाची भीती न बाळगता लिहा. दुसऱ्या खर्ड्यात व्याकरण घ्या, आणि तेव्हा मात्र कडकपणे घ्या. शुद्ध भाषा ही वाचणाऱ्याला दाखवलेली अदब आहे. तिच्याशिवाय तुमचा मुद्दा वाटेतच अडखळतो. बहुपर्यायी परीक्षेसाठी केलेला अभ्यास इथे खरोखर कामी येतो.

मीही आता तपासण्याची पद्धत बदलली आहे. पहिल्या वाचनात पेन बाजूला ठेवते आणि निबंधाखाली एकच ओळ लिहिते : 'तुझे म्हणणे मला असे समजले.' मी चुकीचे समजले असेन तर विद्यार्थी येऊन सांगतो. चुका दुसऱ्या खर्ड्यात दाखवते आणि गुण त्यानंतर देते. वेळ जास्त लागतो, म्हणून एका सत्रात चारऐवजी दोनच निबंध होतात. त्या मुलीच्या निबंधाला मात्र आता दुसरा खर्डा मिळणार नाही.

स्वाध्याय

1. 'प्लास्टिकचे दुष्परिणाम', 'वाचनाचे महत्त्व', 'मोबाइल : शाप की वरदान' यांपैकी एक विषय घ्या. तुमच्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या खऱ्या वादावर आधारून त्याचे अशा प्रश्नात रूपांतर करा, ज्याला किमान दोन प्रामाणिक उत्तरे असतील.

2. तुम्ही पूर्वी दिलेला एखादा निबंध काढा. त्यातले कोणते वाक्य तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते? असे वाक्य नसेल तर एक लिहा.

3. तुमच्या विद्यापीठाच्या भाषाविषयक अभ्यासक्रमातील उद्दिष्टे आणि परीक्षेचे स्वरूप शेजारी ठेवून वाचा. त्या दोहोंचा मेळ बसतो का, याविषयी अभ्यास मंडळाला उद्देशून एक पानाचे पत्र लिहा, आणि ते खरोखर पाठवा.