बेपत्ता शिपायाचा तपास

गुन्हेशोधाच्या मालिकांचे परीक्षण धर्मग्रामातील कुटुंबांच्या हाती पडणाऱ्या त्रैमासिकात कशाला, असे कोणी विचारील. बारामती काय किंवा इंदापूर काय, सायंकाळचा रोझरीचा जप आटोपला की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दूरचित्रवाणी संच सुरू होतो आणि तपास अधिकारी घरातल्या मंडळींत येऊन बसतो. जो पाहुणा इतक्या नेमाने येतो, त्याचे बोलणे कधीतरी पारखून घ्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

या मालिकांचा एक आवडता विषय म्हणजे बेपत्ता सैनिक. २००३ मध्ये सुरू झालेली ‘एनसीआयएस’ ही अमेरिकन मालिका तर नौदलाशी संबंधित गुन्ह्यांवरच उभी आहे. आपल्याकडे शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नमुळे मराठी घरांतही मुरलेली ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली. तिने प्रेक्षकाला एक सवय लावली: प्रकरण उघडायचे ते मिटण्यासाठीच. या साच्यात ‘बेपत्ता’ ही घटकाभराची अवस्था असते. शेवटी प्रेत सापडते, नाहीतर फितुरी उघडकीला येते, नाहीतर सुटका होते. चौथी शक्यता या साच्याला ठाऊकच नाही, आणि बेपत्ता सैनिकांच्या घरी जी नांदते ती नेमकी चौथी शक्यताच.

हे तपासून पाहण्यासाठी आम्ही ‘पीओडब्ल्यू: बंदी युद्ध के’ ही हिंदी मालिका निवडली. निखिल अडवाणी यांनी ती २०१६ मध्ये स्टार प्लसवर आणली. तिचे मूळ गिडियन राफ यांच्या ‘हतुफिम’ या इस्रायली मालिकेत आहे; त्याच मुळातून ‘होमलँड’ ही अमेरिकन मालिकाही निघाली. हिंदी रूपात कारगिलच्या युद्धात पकडलेले सरताज आणि इमान हे दोन सैनिक सतरा वर्षांनी घरी परततात. पूरब कोहली आणि सत्यदीप मिश्र यांनी या भूमिका संयमाने केल्या आहेत. डोळ्यांवर उजेड सोसत नाही, अंथरुणावर झोप येत नाही, अशा बारीक गोष्टींतून बंदिवास दिसतो तेव्हा मालिका खरी वाटते. नाझनीन आणि हरलीन या घरी राहिलेल्या स्त्रियांच्या भूमिकांत संध्या मृदुल आणि अमृता पुरी त्याहूनही सरस आहेत.

पण तपासाचा साचा आपले घोडे पुढे दामटतोच. हे दोघे काही लपवीत आहेत, असा संशय गुप्तचर अधिकारी विक्रम सिंग याला येतो, आणि त्यानंतर कॅमेरा घरातल्या माणसांकडे साक्षीदार म्हणून पाहू लागतो. पत्नीच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा पुरावा ठरते. ज्याला शोधायचे तोच आरोपी होतो. मधली सतरा वर्षे मात्र आठवणींच्या तुकड्यांपुरती उरतात. आमची मुख्य तक्रार हीच आहे. कथा सैनिक परतल्यावर सुरू होते. जे परतलेच नाहीत त्यांच्यासाठी तिच्यात जागा नाही.

ते कोण, हे सांगितले पाहिजे. १९७१ च्या युद्धानंतर भारताने त्र्याण्णव हजारांच्या आसपास पाकिस्तानी युद्धबंदी परत पाठवले. आपले चोपन्न जवान व अधिकारी परतले नाहीत, अशी नोंद सांगितली जाते. पाकिस्तानने आपल्याकडे कोणी असल्याचे सतत नाकारले. त्यांतील फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट येथील हल्ल्यात पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या वैमानिकांच्या वर्तमानपत्री यादीत तांबे या नावाशी जुळणारे नाव आले, एवढाच धागा हाती होता. त्या धाग्यावर दमयंतीबाई १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये इतर नातलगांसह पाकिस्तानातील तुरुंग पाहून आल्या. कोणी सापडले नाही. अशा तपासाला ना प्रयोगशाळा, ना अखेरच्या दहा मिनिटांतली कबुली. मालिका लिहिणाऱ्यांनी हा तपास हाती घेतला असता, तर भाग संपवायचा कुठे, या प्रश्नाशीच ते अडखळले असते.

मराठी वाचकाला खरे तर हे नवे नसावे. इंदापूरला मालोजीराजे लढताना पडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे संशयाला वाव नाही, म्हणून गोष्टही तिथेच थांबते. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताचे तसे नाही. बारामतीत पेशव्यांचे सोयरे असलेले नाईक नांदत होते आणि मोरोपंत त्यांच्या आश्रयाला होते, त्या काळातली ही गोष्ट. सदाशिवरावभाऊ पडले म्हणावे, तर सर्वांची खात्री पटेना. मग मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला. चौकशी झाली, भाऊंना ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, त्याला कैदेत टाकले. पुढे रत्नागिरीहून सुटून त्याने बंड मांडले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी या विषयावर नाटक लिहिले. नाट्यदृष्ट्या तोतयाच आकर्षक, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सर्व गदारोळात पार्वतीबाई वैधव्य न स्वीकारता १७८३ पर्यंत जगल्या. तोतयाच्या चौकशीहून त्यांची ती बावीस वर्षे आम्हांस मोठी वाटतात, आणि पडदा त्यांच्याकडे अजून वळलेला नाही.

येथे आपल्या ख्रिस्तसभेने जो विचार केला आहे तो लेखकांच्या उपयोगी पडेल. देशाचा पुरावा कायदा सांगतो की सात वर्षे ज्याची खबरबात नाही, तो जिवंत आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करावे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील १७०७ वे कलम अधिक सावध आहे. जोडीदार मृत झाल्याची घोषणा बिशपांनी योग्य चौकशी करून मनाची नैतिक खात्री पटल्यावरच करावी. अनुपस्थिती कितीही दीर्घ असली तरी केवळ ती पुरेशी नाही. ‘हतुफिम’मध्ये एका सैनिकाची वाग्दत्त वधू मधल्या काळात त्याच्याच भावाची पत्नी झालेली असते. हा पेच किती खोल आहे, ते हे कलम वाचणाऱ्याला लगेच उमगेल. दोन नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना अशा माणसाचे नाव द्यावे की नाही? दिले तर आशा सोडली असे होते. न दिले तर तो प्रार्थनेविना राहिला की काय, ही टोचणी उरते. १२१८ मध्ये संत पीटर नोलास्को यांनी बार्सिलोनात स्थापन केलेल्या संघाचे सभासद बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे व्रत घेत. ज्या परंपरेत असे व्रत आहे, तिच्यात वाढलेल्या प्रेक्षकाने पडद्यावरच्या चौकशीवर समाधान मानणे आम्हांस जड जाते.

मालिकेशी न्यायाने वागायचे तर एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. परतलेल्याकडे संशयाने पाहणे ही निव्वळ लेखकांची कल्पना नाही. ही मालिका सुरू होती त्याच महिन्यांत धुळे जिल्ह्यातील बोरविहीर गावचा जवान चंदू चव्हाण खरोखरच पाकिस्तानच्या ताब्यात होता. २९ सप्टेंबर २०१६ रोजी त्याने नियंत्रणरेषा ओलांडली. २१ जानेवारी २०१७ रोजी वाघा सीमेवर तो परत आला. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षाही केली. म्हणजे विक्रम सिंगचे प्रश्न अगदीच हवेतले नव्हते.

तरीही त्या घराची गोष्ट प्रश्नोत्तरांत मावत नाही. आईवडिलांच्या पश्चात ज्या आजीने चंदूला वाढवले, ती तो पकडला गेल्याची बातमी ऐकताच गेली. नातू परत येईपर्यंत तिच्या अस्थी विसर्जित करायच्या नाहीत, असे घरच्यांनी ठरवले. पडद्यावर सरताज आणि इमान यांची उलटतपासणी चालली होती, तेव्हा त्या अस्थी अजून विसर्जनाच्या प्रतीक्षेत होत्या.