सागवान ‘१२० महिने’ टिकतं म्हणजे नेमकं काय?

“सागवान आहे, शंभर वर्षं काही होत नाही.” भोकरदन तालुक्यात जुन्या माळवदाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आता भारतीय मानक आयएस ४०१ बघा. त्यात लाकडाच्या टिकाऊपणाचे तीन वर्ग आहेत. सरासरी आयुष्य १२० महिने किंवा जास्त असेल तर पहिला, ६० ते १२० महिने असेल तर दुसरा आणि ६० पेक्षा कमी असेल तर तिसरा. सागवान पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्या. मग सागवान शंभर वर्षं टिकतं की दहा? अशाच आकड्यांच्या भरवशावर कुणी घर पाडतं, कुणी त्याच छताखाली निवांत झोपतं. म्हणून आज या आकड्याचीच तपासणी करू.

हा आकडा येतो कुठून? साधारण ६० सेंमी लांब आणि ५ सेंमी जाड-रुंद लाकडाचे तुकडे अर्धे जमिनीत पुरतात. ठरावीक काळाने ते उपटून बुरशी, वाळवी किती लागली ते नोंदवतात आणि त्यावरून सरासरी काढतात. या पद्धतीला ‘कबरस्तान चाचणी’ म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे.

चाचणी वाईट आहे का? अजिबात नाही. सगळ्या जातींना एकच शिक्षा दिली की कोण आधी हरतं ते स्पष्ट कळतं. आंबा आणि सागवान यांची तुलना करायला याहून सरळ मार्ग नाही. अडचण पुढे येते. आपण हा तुलनेचा आकडा भविष्यासारखा वाचतो.

पहिला आक्षेप जागेचा. जमिनीत पुरलेल्या लाकडाला ओल, हवा आणि वाळवी तिन्ही एकत्र मिळतात. माळवदातला खांब मात्र दगडी तळखड्यावर उभा असतो, मातीला शिवतही नाही. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. पण हे उदाहरण देऊन ‘सागवान अमर आहे’ म्हणणंही चूकच. त्या कमानींवर छताचं वजन नाही, वर अख्खा डोंगर आहे आणि जमिनीचा स्पर्श नाही. तुमच्या तुळईचं नशीब तसं नाही.

दुसरा आक्षेप सरासरीचा. छत सरासरीवर उभं नसतं, सगळ्यात कमजोर जागेवर उभं असतं. तुळई मधोमध ठणठणीत असते आणि भिंतीत गेलेलं तिचं टोक कुजलेलं असतं. शिवाय तपकिरी कूज करणारी बुरशी लाकडातलं सेल्युलोज आधी तोडते. त्यामुळे वजन थोडंसंच घटलेलं असताना ताकद खूप मोठ्या प्रमाणात गेलेली असते. डोळ्यांना लाकूड ‘बरं’ दिसतं, ते याच टप्प्यावर.

हीच गोष्ट अगदी वेगळ्या ठिकाणी दिसते. पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला दोरीनं ओढणाऱ्या बऱ्याच जुन्या फायबरग्लास बोटींच्या तळाशी लांब लाकडी आधार असतात, वरून फायबरग्लासनं गुंडाळलेले. इंजिन आणि फरशी बसवताना पाडलेल्या स्क्रूच्या छिद्रांतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. वरचं कवच चकचकीत, आत भुसा. अशा आधाराचं आयुष्य बोटीच्या वयावरून सांगता येत नाही. छिद्रं बुजवली होती का आणि बोट कोरडी ठेवली होती का, यावर ते ठरतं.

आपल्याकडे तेच कवच सिमेंटचं असतं. माळवद गळतं म्हणून वर सिमेंटचा थर, भिंतीला सिमेंटचा गिलावा, तुळईला ऑइलपेंट. पांढऱ्या मातीचं छत आणि मातीची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटला तडा गेला की पाणी आत शिरतं, पण वाळायची वाट बंद झालेली असते. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामानेच तुळईचं टोक ओलं राहतं.

तिसरा आक्षेप आपल्या आजोबांच्या शंभर वर्षांवर. आज उभी असलेली जुनी घरं आपण मोजतो. जी पडली ती मोजायला उरलेलीच नाहीत. शिवाय ते सागवान जुन्या झाडाचं, भरपूर गाभ्याचं होतं. सागाचा टिकाऊपणा त्या गाभ्यात असतो. बाहेरचं फिकट लाकूड लवकर जातं. कमी वयाच्या लागवडीच्या सागात हा फिकट भाग तुलनेनं जास्त असतो. ‘सागवान’ हे नाव सारखं असलं तरी माल सारखा नाही.

म्हणून ‘किती वर्षं?’ याऐवजी ‘ओल कुठून येते आणि कुठून जाते?’ हे विचारा. पावसाळ्याआधी तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे हातोडीनं हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर पेचकस टोचा. सहज आत गेला तर खाली टेकू द्या, त्या खणात झोपणं थांबवा आणि जाणत्या सुताराला बोलवा. टेबलातले १२० महिने काय किंवा आजोबांची शंभर वर्षं काय, त्या एका टोकाबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत.