संशोधक, समाज आणि पदवीची मुदत

लिंडा तुहिवाई स्मिथ यांचा ‘डीकॉलनायझिंग मेथडॉलॉजीज’ हा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०१२ व २०२१ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. लेखिका न्यूझीलंडच्या माओरी समाजातील असून, ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्या बाजूने संशोधनाकडे पाहावे, ही ग्रंथाची भूमिका आहे. ‘संशोधन’ हा शब्दच मूलनिवासी समाजांत किती तिरस्करणीय झाला आहे, हे स्मिथ आरंभीच बजावतात. आणि पूर्वजांच्या कवट्यांत धान्य भरून त्यावरून त्यांच्या बुद्धीचे माप काढणाऱ्या विद्वानांची त्यांनी दिलेली आठवण वाचल्यावर या तिरस्काराचे कारण निराळे विचारावे लागत नाही.

साम्राज्य आणि ज्ञान यांच्या संबंधाचे पूर्वार्धातील विवेचन फूको व सईद यांच्या वाचकांस फारसे नवे वाटणार नाही. उत्तरार्धातील पंचवीस प्रकल्पांचे प्रकरण तर बहुतांशी यादीच आहे. ग्रंथाचे खरे बळ आहे ते संशोधकाच्या वर्तनाविषयीच्या विवेचनात. माओरी लोक संशोधकाकडून काय अपेक्षितात? आधी पाहावे, ऐकावे, मग बोलावे. कोणाची ‘माना’ म्हणजे प्रतिष्ठा तुडवू नये. ज्ञानाचा तोरा मिरवू नये. यांतच ‘कानोही किटेआ’ हे एक सूत्र आहे. त्याचा शब्दार्थ ‘दिसलेला चेहरा’. पत्राने वा अर्जाने ओळख होत नाही. माणूस समोर यावा लागतो, आणि पुनःपुन्हा यावा लागतो.

अशी ओळख असूनही काय घडते, याचा स्मिथ यांनी सांगितलेला अनुभव मार्मिक आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी माओरी मातांच्या मुलाखती घेतल्या. त्या स्वतः माओरी, स्वतः माता, भाषा-पुनरुज्जीवनाच्या कार्यात या स्त्रियांच्या सहकारी. तथापि त्या मुलाखतीस गेल्या तेव्हा घर झाडूनपुसून लख्ख, खाणे तयार, मूल न्हाऊ घालून झोपावयास सिद्ध! नित्याची मैत्रीण त्या दिवशी विद्यापीठाची प्रतिनिधी झाली होती. समाजात जन्मल्याने संशोधकाचा प्रश्न सुटतो, हा सोपा समज या एका प्रसंगाने ढासळतो.

बाहेरच्या संशोधकासाठी स्मिथ यांनी ग्रॅहम स्मिथ यांनी मांडलेल्या चार वाटा दिल्या आहेत: समाजातील अधिकारी व्यक्तीचे मार्गदर्शन, ‘व्हांगाई’ म्हणजे दत्तक जाणे, अधिकाराची वाटणी आणि समाजाला हवे असलेले फळ हाती देणे. हा विषय त्यांनी फार थोडक्यात आटोपला आहे, आणि ग्रंथातील मोठी उणीव हीच होय. दत्तक कोणी ठरवून जाऊ शकत नाही. तो निर्णय घेणाऱ्या घराचा असतो, आणि नाते जडल्यावर त्याची कर्तव्ये प्रबंध सादर झाल्याने फिटत नाहीत. उलट पदवीला मुदत असते. प्रबंधावर एकाच लेखकाचे नाव असते आणि त्याची परीक्षा समाज नव्हे, परीक्षक करतो. पहिले वर्ष चेहरा दिसण्यातच गेले, तर ते प्रगतीच्या अहवालात कोठे लिहावयाचे? मुलाखती झाल्यावर समाजाने काही मजकूर वगळण्यास सांगितले, तर ‘मौलिक भर’ कशी मोजावयाची? विद्यापीठाच्या नियमांना हात घालणारे हे प्रश्न होत, आणि ते सविस्तर सोडविण्याचा अधिकार लेखिकेइतका क्वचितच कोणाला असेल. तरी येथे त्यांची लेखणी आखडते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने वारली वा कातकरी पाड्यावर जाताना हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र त्यातील संज्ञा जशाच्या तशा उचलू नयेत. माओरींच्या मागे १८४० चा वाइटांगीचा करार आहे, बोलीभेद असले तरी एक भाषा आहे, आणि १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’ या बालशाळांनी उभे केलेले संघटित बळ आहे. संशोधकाला अटी घालण्याची त्यांची शक्ती तेथून येते. पाड्यावर अशा अटी कोण घालणार, आणि न घातल्यास त्या पाळणार कोण, याचे उत्तर स्मिथ यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. ते येथील विद्यापीठांनी आपल्या नियमावलीत शोधावयाचे आहे.