चौकट आणि चौक

लपतछपत कलावस्तू पळविण्याच्या व्हिडिओ गेमकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिले, तर त्याने गृहीत धरलेली मालकीची कल्पना नजरेतून सुटते. या प्रकाराची संकेतव्यवस्था 1998 च्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ने बरीचशी निश्चित केली. पडद्याच्या तळाशी असलेले रत्न उजळले की खेळाडू पहारेकऱ्यांना दिसू शकतो. दगडी फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर विरते. पाण्याचा बाण मशाल विझवितो. कौशल्य आहे ते स्वतःला नाहीसे करण्यात. शेवटी मात्र लुटीची किंमत आकड्यात मांडली जाते. 2014 च्या ‘द मार्व्हलस मिस टेक’ची नायिका हिरावला गेलेला चित्रसंग्रहाचा वारसा कलादालनांतून परत चोरते. 2025 साली जाहीर झालेल्या ‘रीलूटेड’ या दक्षिण आफ्रिकी खेळात पाश्चात्त्य संग्रहालयांतील आफ्रिकी वस्तू परत आणावयाच्या आहेत. नीती उलटली तरी व्याकरण तेच राहिले: वस्तू, भिंत, पहारा आणि चोरीनंतर उरणारी रिकामी जागा.

या व्याकरणाची मर्यादा पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसराच्या वारली चित्रांपाशी उघडी पडते. लग्नघरात सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. धवलेरीच्या गाण्यांसह त्यात पालघट देवी अवतरते. चौक त्या लग्नाचा असतो; पुढे तो पुसट होत जातो. उचलून न्यावी अशी वस्तूच येथे नाही. नेली जाते ती रेषा. तारपानृत्याचे वेटोळे साडीवर, पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर उमटते आणि मूळ भिंतीचे काहीच कमी होत नाही. मागे रिकामी चौकट उरत नाही, म्हणून चोरीही दिसत नाही. उणीव असते ती नकलेत: तेथे गाणे नाही, देवी नाही, लग्न नाही.

अर्थात चौकाला चौकट लाभली ती परक्यांच्या नकलेमुळे, असे म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (निधन 2018) यांची चित्रे कागदावर आली. त्यातून एका मोठ्या चित्रकाराची ओळख झाली; 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु स्त्रियांच्या विधीतले लेखन त्याच वाटेने पुरुषाच्या स्वाक्षरीखाली आले. या स्थलांतराला चोरी म्हणता येत नाही; निरुपद्रवीही म्हणवत नाही. वारली चित्रकलेची 2014 मधील भौगोलिक निर्देशनाची नोंद बाजारातील नावावर पहारा ठेवते. टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांची आकृती नाव न घेता त्या पहाऱ्याखालून निसटते.

शिवाय तलासरीच्या स्मृतीत लूट अंधाराशी जोडलेली नाही. 1945 साली येथील वारली ज्या वेठीविरुद्ध उठले, ती जमीनदार उजळ माथ्याने घेत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला त्या लढ्याचीच पार्श्वभूमी आहे. चौकाच्या चोरीवर खेळ रचावयाचा झाल्यास रचनाकाराला सावल्या, मशाली आणि ते रत्न, सारेच काढून टाकावे लागेल. खेळाडू भर दुपारी, कॅमेरा घेऊन, लग्नाचा पाहुणा म्हणून आत येईल आणि घरची माणसे त्याला आधी पाणी देतील.